पुस्तकात नसलेलं कडवं

२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

खटक, खटक, खटक... खट्. खटक, खटक, खटक... खट्.

आज सकाळी कानाचं यंत्र टेबलावर काढून ठेवलेलं असताना हा आवाज मला अगदी स्पष्ट ऐकू आला. आताचं जग मला ओरडून सांगावं लागतं, आणि लहानपणीचं मात्र न बोलावता कानात येऊन बसतं. हा आवाज आमच्या अक्काच्या शिवणाच्या मशीनचा. तीन पावलं धड टाकायचं आणि चौथ्याला लंगडायचं.

अक्काबद्दल मी तुला कधी सांगितलं नाही. आमच्या घरात तिचं नाव निघतच नसे. ती माझी थोरली बहीण, माझ्याहून पुष्कळ मोठी. शेजारपाजारचे कपडे शिवायची आणि शिवता शिवता माझा अभ्यास घ्यायची. पायानं मशीन, तोंडानं कविता. मशीन लंगडं, त्यामुळे माझ्या सगळ्या कविता चौथ्या पावलाला अडखळायच्या आणि वर्गातली पोरं फिदीफिदी हसायची. दुरुस्तीवाला कितीदा तरी यायचा. भला माणूस. पट्टा काढी, तेल घाली, चहा पिई, जाई. आठवडा लोटला की ये रे माझ्या मागल्या! बाबा म्हणायचे, "ह्या माणसाला मशीनमधलं ओ की ठो कळत नाही."

त्याच तालावर मी दुसरीतली समुद्राची कविता पाठ केली. पुढे तीच तुझ्या बाबाला शिकवली आणि तुलाही. आठवते ना?

निळ्या अंगणी लाट नाचते, पायी घालुन चाळ,
वारा धरतो ताल किनारी, वाळू देते टाळ.

गंमत अशी, की ती शिकवणाऱ्या गुरुजींनी समुद्र पाहिलेला नव्हता, अक्काने नव्हता, आणि मीही अजून पाहिलेला नाही. टपालकचेरीत उभा जन्म पत्रं वेगळी करण्यात गेला. जगातली सगळी बंदरं ह्या बोटांमधून गेली आणि मी मात्र त्याच स्टुलावर बसून राहिलो.

अक्का मी दुसरीत असतानाच गेली. नदीला पूर होता. ती मामाच्या गावी निघाली होती, तिथे मुलाकडची मंडळी तिला बघायला येणार होती. नाव मध्यावर उलटली. काहीजण हाती लागले, काही लागले नाहीत. अक्का लागली नाही. पुढे केव्हातरी बाबा मशीन खांद्यावर घालून गेले आणि मोकळ्या खांद्याने परत आले. "विकलं," एवढंच म्हणाले. तो आवाज संपला तो असा.

तू सुट्टीत समुद्रकाठाने भटकणार आहेस म्हणून हे सगळं वर आलं. माझ्यासाठी समुद्र नीट बघ आणि लिही. तुझ्या पदवीच्या समारंभाला मला घेऊन यायचं तुझ्या बाबाने मनात घेतलंय. पासपोर्ट काय, शिक्के काय, सगळं करून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलंय. मी साफ नाही म्हटलं. ती नदी ज्या पाण्याला जाऊन मिळाली ते ओलांडणं माझ्याच्याने व्हायचं नाही. लांबून प्रेम करायला मात्र आपली ना नाही.

आणि फोन करू नकोस बाई. यंत्र शिट्टी मारतं आणि मी नुसता "हो, हो" म्हणत राहतो. मागच्या वेळी तू काय विचारलंस कोण जाणे, मी "हो" म्हणालो आणि तुझी आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

तुझा,
आबा

१५ एप्रिल

ती. आबांस,
सा. न. वि. वि. (बघा, विसरले नाही!)

मी विचारलं होतं, "आई अजून घर डोक्यावर घेते का?" आणि तुम्ही ठणठणीत "हो हो" म्हणालात. फोन स्पीकरवर होता आणि आई शेजारीच उभी होती.

हे पत्र एका कड्याच्या टोकावर बसून लिहितेय. बरोबर माझी खोलीतली मैत्रीण आहे. ती दगडांचा अभ्यास करते, म्हणून मी तिला दगडूबाई म्हणते. तिला अर्थ ठाऊक नाही, तिला ते नाव आवडतं. ती प्रत्येक वळणावर एक दगड उचलते आणि माझ्या पिशवीत टाकते. "तुझी पिशवी मोठी आहे," हे तिचं शास्त्रीय कारण.

आता समुद्र. आबा, राग मानू नका, पण तो नाचत वगैरे नाही. इथे सगळा किनारा म्हणजे सरळ तुटलेले कडे. वर हिरवंगार गवत, त्यात मेंढ्या, पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं आणि माणूसभर रुंदीची पायवाट. खाली समुद्र. पाणी येतं, खडकावर डोकं आपटतं, पांढरं होतं, मागे जातं आणि पुन्हा येतं. तुमच्या शेजारच्या वकीलकाकांसारखं, हरलं तरी अपील करतंच. पण दुपारी ढग सरकले आणि सगळं पाणी एकदम आतून दिवा लावल्यासारखं झालं, तेव्हा मी आपोआप "निळ्या अंगणी" म्हणायला लागले. दगडूबाईने ते फोनमध्ये टिपून घेतलं. म्हणाली, हे तुझं राष्ट्रगीत का?

आणि आबा, खरी गंमत पुढेच आहे!

दगडांच्या ओझ्याने काल माझ्या पिशवीचा बंद तुटला. खाली कोळ्यांचं एक गाव आहे, दोन-तीन उताराच्या गल्ल्या आणि एक धक्का. धक्क्यासमोर एक दुकान दिसलं, दारात शिडाच्या कापडाच्या गुंडाळ्या उभ्या केलेल्या. आत शिडं, होड्यांवर घालायचे पडदे, असलं जाड काम शिवतात. मशीनवर एक म्हातारी बसली होती, पाठमोरी, केस पांढरे कापसासारखे. आणि ती गुणगुणत होती. मी दारातच थिजले. आबा, आपली भाषा! एवढ्या लांब, मेंढ्या आणि मासे यांच्यामध्ये! आणि काय गुणगुणत होती सांगा? तुमची कविता! त्यातलं ते शेवटचं कडवं:

सुई होउनी होडी जाते, दोरा मागे राही,
दोन तिरांना शिवता शिवता, कुणी बुडत मग नाही.

मग मला राहवतंय होय? दुसरी ओळ मीही तिच्याबरोबर मोठ्याने म्हटली. मशीन एकदम थांबलं. सुई तिच्या बोटात गेली होती, नखातून आरपार. रक्त शिडावर पडलं आणि तिचं लक्षच नाही! माझ्याकडे नुसती बघतेय. मीच धावले, हात धरला, चाक उलटं फिरवून सुई बाहेर काढली, रुमाल बांधला. तिने पहिलं काय विचारावं? "तुला हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, आमच्या आबांनी. मग म्हणते, "त्यांना दात आहेत का?"

आता बोला! एवढ्या वर्षांनी आपल्या भाषेचं माणूस भेटलं, तर विचारायचं काय, आजोबांना दात आहेत का! मी म्हटलं, "कवळी आहे. जेवताना काढून ठेवतात." त्यावर ती हसलीही नाही, रडलीही नाही. पिशवी शिवून दिली, पैसे घेतले नाहीत आणि मी बाहेर पडताच दारावरची पाटी उलटी केली.

तुमच्याच शाळेच्या पुस्तकातून शिकली असणार, नाही का? तिचं मशीन फोटो काढण्यासारखं आहे. काळं, जुनं, आणि त्याच्या अंगावर कुणीतरी खिळ्याबिळ्याने एक वेडीवाकडी होडी कोरलीय.

उद्या दीपगृह बघून परत. मग परीक्षा. दगडूबाई तुम्हाला एक दगड पाठवणार होती, मी वाचवलं.

तुमची,
भिंगरी

२७ एप्रिल

भिंगरे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी राहिली ती राहिलीच. तुझा बाबा विचारतो, आबा, चक्कर आली का? त्याला काय सांगू?

आधी हे नीट वाच. ते कडवं पुस्तकात नाही.

माझं पुस्तक जुनं होतं, दुसऱ्या पोराचं वापरलेलं. त्या कवितेचं पान खालून अर्धं फाटलेलं. शेवटचं कडवं त्या पोराने होडी करून गटारात सोडलेलं होतं. मी रडायला लागलो, उद्या गुरुजी पाठ घेणार म्हणून. तेव्हा अक्का मशीनवरून न उठता म्हणाली, "गप रे, मी देते तुला शेवट." आणि दोऱ्याचं टोक दातात धरून तिने ते तिथल्या तिथे रचलं. सुई, दोरा, टाका. शिवणाऱ्या मुलीला दुसरं काय सुचणार? दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात ठणकावून म्हटलं. गुरुजी म्हणाले, "हे कुठल्या बाजारातून आणलंस?" आणि पट्टी ओढली. घरी आलो तो सुजलेला हात घेऊन. अक्का हसून हसून बेजार, आणि मग माझा हात मांडीवर घेऊन फुंकर घालत बसली. खरं कडवं मी आजतागायत पाठ केलं नाही. तुम्हाला शिकवलं ते तिचंच, पण तिचं म्हणून सांगायला कधी तोंड उघडलं नाही.

ते कडवं जगात फक्त आमच्या घराला ठाऊक होतं. त्या घरातला मी एकटा उरलोय.

मशीनवरची होडी मी कोरली. कंपासपेटीतल्या टोकदार काट्याने. त्यासाठी बाबांचा मार खाल्ला. शीड उजवीकडे कललेलं आहे ना? आहेच.

आणि दात! माझे पुढचे दात तेव्हा पडले होते. ती मला नावाने हाकच मारत नसे. "बोळक्या" म्हणायची. तिच्याशिवाय तसं कुणी म्हटलं नाही, तिच्यामागे कुणाची हिंमतही झाली नाही.

भिंगरे, मी हे लिहितोय आणि माझा माझ्यावर विश्वास बसत नाही. आम्ही तिला रडलो. आई तर अशी रडली की स्वयंपाकात मीठ पडलंय की नाही हे पुढे कित्येक दिवस मलाच सांगावं लागे. नदीच्या बाजूची खिडकी आईने लावून घेतली ती स्वतः जाईपर्यंत उघडली नाही. उन्हाळ्यात घर तापून निघायचं, पण खिडकी बंद. आणि अक्का? ती शिडं शिवत होती?

मेलेलं माणूस जिवंत आहे म्हटल्यावर आनंद व्हावा की नाही? मला आनंद होत नाहीये. माझ्या छातीत कुणीतरी बुक्की मारून पळून गेलंय.

परीक्षा असेल, तरी जा. दुसरं काही बोलू नकोस. एवढंच विचार, नाव उलटली तेव्हा तू कुठे होतीस? आणि मशीन अजून लंगडतं का, ते ऐकून ये. तुझ्या बाबाला मी काही बोललेलो नाही.

आबा

१० मे

आबा,

तुमचं पत्र मी वाचनालयाच्या पायऱ्यांवर उघडलं आणि तिथेच बसून राहिले. एक पेपर झालाय, कसा दिला आठवत नाही. आणि मी ते "गंमत" म्हणून लिहिलं होतं! त्या वाक्यांची आता लाज वाटते.

शनिवारी पहिल्या बसने गेले. दारावर "बंद" लिहिलेली पाटी, पण काचेतून त्या दिसत होत्या, मशीनवर. मी काच वाजवली. आतूनच म्हणाल्या, "पिशवी शिवून दिली ना? आता काय फाटलं?"

मी म्हटलं, "अक्काआजी."

हात थांबला. वर न बघता म्हणाल्या, "ती बुडाली. तुझ्या आजोबांनी सांगितलं नाही का?"

"त्यांनीच पाठवलंय."

"मग त्यांना सांग, म्हातारीला भ्रम झालाय. वय झालं की होतो."

"ते होडी ओळखतात. शीड उजवीकडे कललेलं."

मग त्यांनी दार उघडलं. आबा, तुमचा प्रश्न मी तुमच्याच शब्दांत विचारला. त्यांनी दोऱ्याची रिळं एकावर एक रचली, पाडली, पुन्हा रचली. मग बोलल्या. त्यांनी सांगितलं तसंच लिहिते.

"मी नावेत चढले होते. गाठोडं ठेवलं होतं. हे काठावर आले होते, धावत, तेलाच्या हातांनी. नुसतं 'नको जाऊ' म्हणाले. मी उतरले. गाठोडं काढायलाही थांबले नाही. झाडामागे उभं राहून आम्ही नाव जाताना बघत होतो. डोळ्यांदेखत उलटली, पोरी. माझ्या जागेवर एक बाई बसली होती, मांडीवर मूल होतं. मला ओरडताही आलं नाही. आणि मग काठावर लोक माझं नाव घेऊन रडायला लागले. तेव्हा मला कळलं की मी मेले. पळून गेलेली पोर घराच्या तोंडाला काळं फासते. बुडालेली नाही फासत. मी म्हटलं, असू दे. बुडालेलंच बरं."

"हे" म्हणजे कोण, कळलं का आबा? ओ की ठो न कळणारे तुमचे दुरुस्तीवाले! बंदराच्या गावात त्यांचं दुकान होतं. पुढे इकडे शिडाच्या कारखान्यात मशीनं सांभाळायचं काम मिळालं, म्हणून दोघं आली. ते गेले त्याला बराच काळ झाला. मूलबाळ नाही.

आता बसून वाचा. बसलात?

पणजोबांना माहीत होतं.

ते मशीन विकायला घेऊन गेले ते त्याच बंदराच्या गावात, त्यांच्या ओळखीच्या एकमेव दुकानात, ह्याच दुरुस्तीवाल्यांच्या. दार अक्काआजींनी उघडलं. "बाबा उभे होते," म्हणाल्या, "खांद्यावर मशीनचं धूड. ते मला बघतायत, मी त्यांना. किती वेळ, देव जाणे. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, 'तुझ्या आईचं आत्ता कुठे रडणं थांबलंय. पुन्हा सुरू करू नकोस.' मशीन उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि वळले. आत पाऊल टाकलं नाही. पाणीसुद्धा मागितलं नाही."

मी विचारलं, तुम्हाला भेटायचंय का आबांना? तर म्हणाल्या, "नाही. मेलेल्या माणसाने दार वाजवायचं नसतं आणि जिवंत माणसाने त्याचं दार वाजवायचं नसतं. येऊ नको म्हणावं, लिहूही नको म्हणावं." मी जायला निघाले तेव्हा मात्र हाताला धरून थांबवलं. "आई खिडकीत बसायची अजून? नदीकडच्या?"

तुम्ही लिहिलेलं माझ्या खिशात होतं, आणि मी म्हटलं, "मला ठाऊक नाही, मी तेव्हा नव्हते."

मशीन लंगडत नाही, आबा. एकसारखं चालतं. विचारलं तर पहिल्यांदाच हसल्या, पण सांगितलं काही नाही.

भिंगरी

२२ मे

चि. भिंगरीस,

बाबांना माहीत होतं.

हे वाक्य मी दिवसातून कितीदा म्हणतो आणि दर वेळी ते नवीन असतं. आई मरेपर्यंत त्या बंद खिडकीसमोर बसून बाबा जेवले. शेजारी आई. एक घास, दुसरा घास, आणि तोंडात हे! जेवणाबरोबर रोज गिळत असतील. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा चेहरा येतो आणि मी त्याच्याशी भांडतो. आरशातही तोच चेहरा आहे, त्यामुळे भांडण सोपं जातं.

एक आठवलं ते लिहून ठेवतो. मशीन "विकून" आले त्या संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. त्यांना कवितेचा तिटकारा. कविता म्हणजे पोट न भरणारी बडबड असं त्यांचं मत. ते म्हणाले, "मार खाल्लास ते कडवं म्हण." मी घाबरत म्हटलं. "कुणी बुडत मग नाही" येताच त्यांनी मान हलवली, हळू, दोनदा. पुढे दर थोड्या दिवसांनी म्हणायला लावत. शेवटच्या आजारातही. मी मोठेपणी लोकांना सांगत आलो की बघा, मुलीच्या दुःखाने कडक माणूस कसा कवितेला लागला.

भिंगरे, ते दुःख नव्हतं. ते मला खरं सांगत होते, माझ्याच तोंडून. आणि मी पाठ म्हणून दाखवत होतो.

अक्काला माझा काय निरोप? काही नाही. मला तिच्याशी भांडायचंय. कडाकडा भांडायचंय. आईच्या वतीने, त्या खिडकीच्या वतीने, त्या सात वर्षांच्या पोराच्या वतीने, ज्याला तिच्यामागे "बोळक्या" म्हणणारं कुणी उरलं नाही. एवढं मोठं भांडण पाकिटात मावत नाही, हे टपालकचेरीतल्या माणसाने सांगितलेलं बरं.

हे पत्र तिला वाचून दाखवलंस तरी चालेल. यानंतर मात्र माझ्याकडून पत्र येणार नाही. वाट पाहू नकोस आणि काळजीही करू नकोस. तुझी आई विचारते, कपाटाच्या वरच्या कप्प्यातलं सगळं खाली का काढलंय? तिला म्हटलं, साफसफाई.

आबा

१२ जून

बोळक्या,

मी लिहिणार नव्हते. किती वर्षं झाली ही अक्षरं काढून, बोटांना शिवण घालायचीच सवय, ओळ सरळ येत नाही. तुझं पत्र पोरीने मला फोनवर वाचून दाखवलं. मध्ये तीच रडायला लागली. मी म्हटलं, वाच, थांबू नकोस. आता चार दिवस तिचा पत्ता नाही. फोन केला तर म्हणते, अक्काआजी, मी स्टेशनवर आहे, नंतर करते. परीक्षा संपली तर स्टेशनवर काय करतेस म्हटलं, तर ठेवून दिला. तुझीच नात.

खिडकीचं तिने मला सांगितलं नव्हतं. तुझ्या पत्रातच होतं ते. मग मी दुकान लावून घेतलं आणि दोन दिवस मशीनला हात लावला नाही. एवढंच लिहिते. जास्त लिहायला गेले तर शाई पसरेल.

माफी मागत नाही मी. कुणाकडे मागू? जिच्याकडे मागायची ती गेली. तुझ्याकडे मागायला तू तेव्हा वीतभर होतास. मी तुझं काही बिघडवलं असेन तर ती गुरुजींची पट्टी. तिची फुंकर घालून झाली आहे.

मशीनचं मात्र सांगते, नाहीतर मरताना मनात राहील. ते कधीच लंगडं नव्हतं. हे यायच्या आधी मीच पट्टा ढिला करून ठेवायची. हे घट्ट करून जायचे, मी पुन्हा ढिला करायची. बाबा म्हणायचे ह्याला मशीनमधलं काही कळत नाही. ह्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. फक्त तुझ्या कविता लंगड्या झाल्या, ते माझ्या ध्यानात आलं नाही. आता पोरीने सांगितलं तेव्हा कळलं.

तू भांडायचं म्हणतोस. नको रे. तू आलास तर मी काय करू? तुझं तोंड मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे तो पडक्या दातांचा पोरगा. त्याला मी रोज दिवसाकाठी एकदा तरी आठवते, त्याला मी सांभाळून ठेवलंय. एखादा परका म्हातारा दारात येऊन मी तोच म्हणाला, तर हाही जायचा. माझ्याकडे तेवढंच उरलंय, ते राहू दे. आणि खरं सांगू? मला दाराची भीती बसलीय. आमच्यातलं एकच माणूस माझ्या दारात आलं होतं, आणि तेव्हापासून कुणी दार वाजवलं की माझं काळीज

थांब. कुणीतरी वाजवतंय. शिडाचा कोळी असेल, त्याला उद्या ये म्हटलं होतं.

कोळी नाही.

बोळक्या, दारात बाबा उभे आहेत.

काचेतून दिसतायत. तेच कान, तोच एक खांदा खाली. खांद्यावर काहीतरी आहे. जुनी पिशवी आहे. मागे तुझी नात उभी आहे, तोंडावर हात धरून. लेखणी तेवढी हातात आहे, तीच चालवतेय. बाबा मला बघतायत, मी त्यांना. ते वळतील आता. आता म्हणतील आणि वळतील.

वळत नाहीत. खाली वाकलेत. बुटाचे बंद सोडतायत. बाबा आत आले नव्हते रे. हे बूट काढतायत.

आता खिशातून रुमाल काढला. तोंडातून काहीतरी काढून त्यात गुंडाळलं, खिशात ठेवलं. आणि काचेला नाक लावून हसतायत. तोंडात एक दात नाही.

दार नुसतं लोटलंय रे. ढकल.